तुरिश्चेवाचा हिशेब

रविवार, रात्र

सोव्हिएत जिम्नॅस्ट ल्युडमिला तुरिश्चेवाचं नाव निघालं की लोकांना लंडनच आठवतं. 1975 चा जिम्नॅस्टिक्स वर्ल्ड कप, अनइव्हन बार्सचा (एक उंच, एक खाली अशा दोन दांड्यांचा) सेट, म्हणजे सलग करायचा व्यायाम, संपत आलेला. बारचे खांब जमिनीत रोवलेले नसतात. तारा ताणून, जमिनीतल्या हुकांत अडकवून त्यांना उभं ठेवतात. त्या काळी दोन बार इतके जवळ असत की वरच्या बारला लोंबकळून झोका घेतला की कंबर खालच्या बारवर आदळायची आणि शरीर त्याभोवती गुंडाळलं जायचं. तो सगळा हिसका शेवटी तारांवर येतो. त्या दिवशी एक हुक निसटला. ल्युडमिलाने सेट पुरा केला, उतरली, पाय रोवले, पंचांना सलाम केला. मागे अख्खा सांगाडा कोसळला. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. त्या वर्ल्ड कपमध्ये ऑल-राउंड (सगळ्या उपकरणांच्या गुणांची बेरीज) आणि चारही उपकरणांची, म्हणजे व्हॉल्ट, बार्स, बीम, फ्लोअरची सुवर्णं तिचीच.

किस्सा भारीच आहे, पण त्यामुळे तिचं खरं काम झाकलं जातं. आज तिची ऑलिंपिक पदकं पुन्हा मोजली: 4 सुवर्ण, 3 रौप्य, 2 कांस्य. चारपैकी तीन सुवर्णं संघाची (1968, 1972, 1976) आणि एक 1972 च्या म्युनिकचं ऑल-राउंड. एका उपकरणाचं सुवर्ण एकही नाही! म्युनिकमध्ये व्हॉल्टला कांस्य, फ्लोअरला रौप्य. फ्लोअर आणि बीम तिच्याच संघातल्या ओल्गा कोर्बुटने नेले, व्हॉल्ट आणि बार्स पूर्व जर्मनीच्या कारिन यांत्सने.

मग ती पहिली कशी? उत्तर गुणांच्या पद्धतीत आहे. तेव्हा आधी कंपल्सरी सेट, म्हणजे सगळ्यांना तोच ठरलेला व्यायाम, आणि मग ऑप्शनल. दोन्हींच्या बेरजेचा अर्धा भाग अंतिम फेरीत सोबत यायचा. म्हणजे 80 पैकी 20 गुण कंपल्सरीचे. तिथे अवघड उड्या मारून काही मिळत नाही. गुडघा वाकला, पायाचा चवडा सैल पडला, उतरताना पाऊल सरकलं की दशांश गेलाच. प्रशिक्षक रास्तोरोत्स्कींची ही शिष्या तिथेच गुण राखायची. तिचे 77.025, यांत्सचे 76.875. कोर्बुट बार्सवर चुकली, 10 पैकी 7.5 मिळाले आणि ऑल-राउंडच्या पदकांच्या शर्यतीतून बादच झाली. प्रेक्षकांचं प्रेम मात्र तिलाच मिळालं. याची मला अजून थोडी चीड येते.

ग्रोझ्नीची ही मुलगी, तुरिश्चेवा, 1968 ला मेक्सिको ऑलिंपिकला गेली तेव्हा नुकतीच 16 पूर्ण झालेली, ऑल-राउंडमध्ये 24वी. दोन वर्षांनी ल्युब्लियानाला जगज्जेती, 1974 ला वार्नात पुन्हा.

1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकला ती 23 ची होती, रोमानियाची नादिया कोमानेची 14 ची. ऑल-राउंडला कोमानेची 79.275, तुरिश्चेवाच्याच संघातली नेली किम 78.675, तुरिश्चेवा 78.625. ज्या हिशेबाने म्युनिक जिंकलं, त्याच हिशेबात रौप्य 0.05 ने गेलं. व्हॉल्ट आणि फ्लोअर, दोन्हीकडे पुन्हा रौप्य, आणि दोन्हीकडे पुढे किमच.