उरलेलं एक प्यादं

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. शाळेत आज शिकणाऱ्या लेकरांना पटावर कामी येईल असं काही द्यावं, म्हणून मी बुद्धिबळावरच लिहितो, आणि तेही डावाच्या शेवटावर.

लातूर, परभणी, अंबाजोगाई, कुठलंही गाव घ्या. मोबाईलवर पाहून पोरं सुरुवातीच्या दहा-बारा चाली तोंडपाठ करून येतात. पुढे वजीर-हत्तींची मारामारी होऊन पट रिकामा होतो, एक प्यादं जास्तीचं उरतं आणि तिथं हात अडखळतो. जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो.

पट मांडून बघा. पांढऱ्याच्या बाजूने डावीकडून उजवीकडे उभ्या रांगा ए ते एच, आणि खालून वर आडव्या पट्ट्या १ ते ८. चाली पांढऱ्याची, मग काळ्याची अशा क्रमाने वाचा. पांढरा राजा ई५, पांढरं प्यादं ई६, काळा राजा ई७. पांढऱ्याने राजा डी५ वर नेला. काळ्याला मागच्या पट्टीवर डी८, ई८, एफ८ अशी तीन घरं आहेत. वाचवणारं घर एकच, सरळ मागचं ई८. मग राजा डी६, राजा डी८. प्यादं ई७ शह, राजा ई८. राजा ई६, आणि काळ्याला शह नाही, पण चालही नाही. बरोबरी! काळा डी८ वर गेला असता तर? राजा डी६, राजा ई८. प्यादं ई७, पण आता शह नाही. काळ्याला एफ७ वर जावंच लागतं, पांढरा राजा डी७ वर येतो आणि प्यादं आठव्या पट्टीवर जाऊन त्याचा वजीर होतो. एका घराचा फरक. अशा जागी प्यादं सातव्या पट्टीवर शह देत पोचलं तर बरोबरी, शह न देता पोचलं तर जीत, एवढं पक्कं करा.

जिंकणाऱ्याची चूक एकच असते: प्यादं पुढं, राजा मागं. उलटं करा. प्यादं ई४ वर असेल तर राजाला डी६, ई६ किंवा एफ६ गाठू द्या. यांतलं एक घर मिळालं की डाव तुमचा, चाल कोणाचीही असो. कडेचं प्यादं मात्र फसवं. समोरचा राजा कोपऱ्यात शिरला की तिथं काही निघत नाही.

पारावर आजोबांकडून शिकलेली पोरं देशी नियम घेऊन येतात. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, कॅसलिंग म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल. त्यांना हसू नका. मीर सुलतान खान याच देशी खेळातून आला, १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश विजेता झाला, इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवलं. सुरुवातीच्या पाठ केलेल्या चाली त्याच्याकडे नव्हत्या. डाव उत्तरार्धात आला की तो भारी पडायचा. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक घेतला. तिथंही आधीचे तीन डाव बरोबरीत सुटले होते, चौथा लांबत जाऊन शेवटाकडे निकाली निघाला.

आता स्पर्धेतली एक गोष्ट. प्यादं आठव्या पट्टीवर पोचतं, दुसरा वजीर टेबलावर नसतो, आणि पोरगं हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणतं. फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, त्याच्या नियमांत उलटा हत्ती हा हत्तीच. तो तिरका चालवला की बेकायदा चाल. प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्तीची मिळतात, आणि तीच चूक पुन्हा झाली की डाव गेला. मोहरा हाताशी नसेल तर घड्याळ थांबवायचा हक्क तुम्हाला आहे. थांबवा, पंचांना बोलवा, खरा वजीर मागून घ्या आणि तो घरात ठेवल्यावरच घड्याळ पुन्हा सुरू करा.