खिळा का गंजला?

आज माध्यमिक शाळेतल्या मुलांचं प्रकल्प प्रदर्शन पाहून आले. मन अगदी भरून आलंय!

सगळ्यात जास्त रमले ते कुंडीला आपोआप पाणी देणाऱ्या प्रकल्पापाशी. मातीत खुपसलेले दोन खिळे, एक आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटासा सर्किट बोर्ड) आणि छोटासा पंप. ओल्या मातीतून वीज सहज वाहते, कोरडीतून नाही, एवढ्यावर सगळा खेळ. त्यातला एकच खिळा पार गंजलेला. का गं, विचारलं तर नववीतली मुलगी पटकन म्हणाली, "सतत करंट सोडला की इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेमुळे रासायनिक क्रिया होते, प्लसकडचा खिळा झिजतो. म्हणून आता तासातून एकदाच, क्षणभर सोडतो." किती स्वच्छ उत्तर!

शेजारी अंधांसाठीची काठी होती. ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. डोळे मिटून चालले, खुर्ची जवळ येताच काठीची मूठ थरथरली. भरतकाम, लाकूडकामही सुरेख होतं.

बक्षिसं देताना चकचकीत मांडणीपेक्षा फसलेल्या प्रयोगांच्या नोंदींना जास्त गुण द्यावेत, असं मला मनापासून वाटतं. त्या मुलीची वही खाडाखोडीने भरली होती. पुढच्या वेळी ती खिळ्यांऐवजी ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर लावणार आहे, त्यात धातू थेट मातीला टेकतच नाही.