युरोव्हिजन २०२५ : बासेलच्या आठवड्यातली रोजनिशी

सोमवार, १२ मे

उद्या युरोव्हिजनची, म्हणजे देशादेशांमधल्या गाण्याच्या स्पर्धेची, पहिली उपांत्य फेरी. एकूण ३७ देश. त्यांतले फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन आणि ब्रिटन थेट अंतिम फेरीत, यजमान म्हणून स्वित्झर्लंडही. उरलेल्या ३१ मधून २० निघायचे. सट्टेबाजारात स्वीडन सगळ्यांत पुढे, ऑस्ट्रिया मागोमाग आणि फ्रान्सही वरच्या रांगेत. ही यादी खोटी नाही, पण तिच्यावरून ‘गाणं लोकांना आवडतंय’ एवढंच कळतं. युरोव्हिजन जिंकायला तेवढं पुरत नाही.

दरवर्षी याच हिशेबाशी घोळ होतो, म्हणून तो आधी मांडून ठेवलेला बरा. यंदाच्या अंतिम फेरीत प्रत्येक देशाची दोन पारडी आहेत : पाच जाणकारांची ज्यूरी आणि प्रेक्षक. दोन्हीकडून पहिल्या दहा गाण्यांना १२, १०, ८, ७ असे करत १ पर्यंत गुण. अकराव्याला शून्य आणि सव्विसाव्यालाही शून्यच. फरक पडतो तो मत देण्याच्या पद्धतीत. ज्यूरीतल्या प्रत्येकाला सगळी गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने लावावी लागतात, त्यामुळे पाचही जणांनी तिसरं-चौथं ठेवलेलं गाणं आरामात वर येतं. घरी बसलेल्या माणसावर असं काही बंधन नाही. त्याला यंदा वीसपर्यंत मतं देता येतात आणि ती सगळी एकाच गाण्याला दिली तरी चालतात. म्हणजे ‘छान आहे हो, पण माझं आवडतं ते दुसरं’ असं ज्या गाण्याबद्दल सगळे म्हणतात, त्याला ज्यूरीकडून भरपूर मिळतं आणि प्रेक्षकांकडून काहीच नाही. आवडणं आणि मत पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दावेदार ओळखताना विचारायचा प्रश्न एकच : या गाण्याला मत द्यायला फोन कोण उचलणार?

मागची दोन वर्षं बघा. २०२३ ला लिव्हरपूलमध्ये फिनलंडच्या क्यारियाला प्रेक्षकांनी ३७६ गुण दिले, स्वीडनच्या लोरीनला २४३. पण ज्यूरीकडे लोरीन ३४० आणि क्यारिया १५०. शेवट ५८३ विरुद्ध ५२६. २०२४ ला माल्मोत हेच पुन्हा : क्रोएशियाचा बेबी लझान्या प्रेक्षकांत ३३७, स्वित्झर्लंडचे नेमो २२६; ज्यूरीत नेमो ३६५, तो २१०. ट्रॉफी नेमोंकडे. दोन्ही वेळा प्रेक्षकांचं लाडकं गाणं ज्यूरीच्या उंबऱ्यावर अडलं.

आता स्वीडन. त्यांचं ‘काय’ (KAJ) नावाचं त्रिकूट खरं तर फिनलंडमधल्या स्वीडिश भाषकांचं, व्योरो गावाकडचं. ‘बारा बादा बास्तु’ म्हणजे नुसतं सौनात, गरम वाफेच्या खोलीत, बसून घाम काढणं. १९९८ नंतर प्रथमच स्वीडनने स्वीडिशमधलं गाणं पाठवलंय, आणि देशातल्या निवड फेरीत त्यांनी मोन्स सेल्मर्लेवला, म्हणजे २०१५ च्या विजेत्याला, मागे टाकलंय. अ‍ॅकॉर्डियन, लाकडी सौना, मोजून मापून केलेला विनोद. तीन मिनिटांत एक सेकंद वाया जात नाही. तरीही मला हे गाणं लोरीनच्या नाही, क्यारियाच्या रांगेत दिसतं. ज्यूरीच्या निकषांत गायकी आहे, आणि या गाण्यात गळ्याची परीक्षा म्हणावी अशी जागाच नाही. शिवाय त्याच बाकावर एस्टोनियाचा टॉमी कॅश बसलाय. त्याचं ‘एस्प्रेसो माकियातो’ मोडक्या इटालियनमधली चेष्टा आहे. इटलीतल्या काही राजकारण्यांना ती झोंबली, त्याने जाहिरातच झाली. हसवणारी दोन गाणी एकाच वर्षी आली की तीच चिल्लर दोन खिशांत वाटली जाते.

ऑस्ट्रियाचा जेजे. काउंटरटेनर, म्हणजे बायकांच्या उंच पट्टीत गाणारा पुरुषी आवाज, व्हिएन्नाच्या ऑपेरातला अनुभव. ‘वेस्टेड लव्ह’ जवळजवळ पूर्ण ऑपेरा, आणि शेवटी एकदम टेक्नो. मंचावर काळं-पांढरं चित्र, वादळात सापडलेली नाव. गाणं धोक्याचं आहे आणि धोका सुरुवातीलाच आहे. युरोव्हिजनमध्ये वाद्यं रेकॉर्ड केलेली असतात. २०२१ पासून साथीचे आवाजही रेकॉर्ड केलेले चालतात, पण मुख्य आवाज तिथल्या तिथेच लावावा लागतो. सुरुवातीला साथ इतकी विरळ आहे की सूर अर्धा दाणा जरी हलला तरी झाकायला काही नाही. लागला तर मात्र ज्यूरीपुढे दुसरं कुणी उभं राहत नाही. लोकांना ‘हे नेमोचंच पुढचं पान’ वाटेल ही भीती आहे, कारण गेल्या वर्षीच्या विजेत्या गाण्यातही ऑपेराचा सूर होताच.

फ्रान्सची लुआन. ‘ममाँ’ दिवंगत आईला उद्देशून. वरून वाळू झरते, ती मधोमध उभी. तीन मिनिटांच्या गाण्यात एकच दृश्य आणि एकच भावना, हा मला मोठा शहाणपणा वाटतो. माझा क्रम : ऑस्ट्रिया, फ्रान्स, स्वीडन.

इटलीचा लुचो कोर्सी पहिल्या पाचात येईल. सानरेमोत, म्हणजे इटलीच्या निवड स्पर्धेत, तो दुसरा होता. विजेत्याने नकार दिला म्हणून बासेलला आला. तो माईकसमोर हार्मोनिका खरीखुरी वाजवतो, आणि रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या या स्पर्धेत तेवढंच कानाला ताजं वाटतं.

बुधवार, १४ मे

बेल्जियम गेलं. सट्टेबाजांनी आत धरलं होतं, मीही धरलं होतं. २०२३ पासून यंदापर्यंत उपांत्य फेरीत ज्यूरी नाही, फक्त प्रेक्षक. रेड सेबॅस्टियनचा आवाज उंच चढतो, ट्रान्स या नाचाच्या संगीताचा ठेकाही नीट बसलाय, पण पंधरा गाण्यांनंतर जी काही सेकंदांची उजळणी दाखवतात, तिच्यात आठवावं असं एकही दृश्य त्याच्याकडे नव्हतं. ज्यूरी असती तर कदाचित वाचला असता.

उलट पोलंडची युस्तिना स्तेच्कोव्स्का सहज आत. ती १९९५ मध्येही पोलंडकडून गायली होती. तीस वर्षांनी परत आली आणि दोरांना लटकून गातेय. तिच्यासाठी फोन कोण उचलणार, हे विचारावंच लागत नाही.

आइसलंडची दोन पोरांची जोडीही आत. ज्यूरीकडे त्यांची काय गत होईल ते दिसतंच आहे.

शुक्रवार, १६ मे

काल ऑस्ट्रेलियाचा गो-जो गेला. दुधाच्या शेकवरचं गाणं, मंचावर भलामोठा मिक्सर. हे एकदाच हसू आणतं, दुसऱ्यांदा नाही. चेकियाचा अ‍ॅडॉन्क्स जाणं मात्र जिवाला लागलं.

जेजे आत आहे, पण कितवा आला ते अंतिम निकालापर्यंत गुलदस्त्यात. पात्र देशांची नावं वाटेल त्या क्रमाने पुकारतात, म्हणून ‘शेवटी नाव घेतलं, म्हणजे थोडक्यात वाचले’ हा तर्क लावण्यात अर्थ नाही. तरी दरवर्षी लावला जातो.

रात्री उशिरा अंतिम फेरीचा क्रम आला. एस्टोनिया ३, इस्रायल ४, ऑस्ट्रिया ९, फिनलंड १३, स्वीडन २३, फ्रान्स २४, अल्बेनिया शेवटी २६. २०१३ पासून हा क्रम निर्माते ठरवतात. यजमानांची जागा तेवढी चिठ्ठीने ठरते, स्वित्झर्लंडला १९ मिळाली. उशिरा गाणं चांगलं, हा जुना समज. दुसऱ्या क्रमांकावर गाऊन आजवर कुणी जिंकलेलं नाही हे खरं, पण लोरीन नवव्याच क्रमांकावर गायली होती. आणि आता मतदान पहिल्या गाण्यापासूनच उघडतं, तेव्हा लवकर गाणाऱ्याला मतं गोळा करायला जास्त वेळ मिळतो. निर्माते खरं बघतात ते सामान आत-बाहेर करायला किती वेळ लागतो हे. दोन गाण्यांमधल्या छोट्या चित्रफितीच्या वेळात, मिनिटाच्या आत, आधीचा सगळा पसारा उचलून पुढचा लावायचा असतो. सौना आणि वाळू लागोपाठ ठेवलेत, ते पाहून तिथल्या कामगारांची काळजी वाटली.

आज रात्रीचा सराव तिकीट काढून आलेल्यांना तालीम वाटते, पण गुणांच्या हिशेबात अर्धी अंतिम फेरी तीच. ज्यूरी आजचं गाणं बघून मत देते; उद्या जगाला दिसणारं गाणं नाही. आज आवाज चिरकला आणि उद्या सोन्यासारखा लागला, तर सोनं फक्त प्रेक्षकांच्या खात्यात. नंतर ‘एवढं छान गाऊन ज्यूरीने असं का केलं’ म्हणून जो आरडाओरडा होतो, त्याचं कारण बऱ्याचदा शुक्रवारच्या रात्रीत असतं. जेजेला ती सुरुवात दोन रात्री बिनचूक लावायची आहे. लुआनला काळजी कमी. तिच्या गाण्यात एखादा हुंदकाही खपून जाईल.

फिनलंडच्या एरिका विकमनचं ‘इख कोमे’ पाहून क्रम बदलावासा वाटतोय. ठिणग्या उडवणाऱ्या प्रचंड माईकवर बसून ती वर जाते, आणि गळा तिथेही जागेवर. पण नाही. ज्यूरी तिला सातवं-आठवं लावेल, प्रेक्षकही. सातवं-आठवं सगळीकडे मिळवून पहिल्या दहात येता येतं, तीनात नाही.

रविवार, १८ मे

ऑस्ट्रिया ४३६. ज्यूरी २५८, प्रेक्षक १७८. १९६६ चा उडो युर्गन्स, २०१४ ची कोंचिता वुर्स्ट, आणि आता जेजे.

प्रेक्षकांत तो चौथा आहे. काल बाहेर आलेल्या आकड्यांवरून गुरुवारच्या उपांत्य फेरीत तो पाचवा होता, इस्रायल पहिला. म्हणजे लोकांचा पहिला क्रमांक त्याला दोन्ही रात्री मिळाला नाही आणि तरी फारसा ताणही पडला नाही. प्रेक्षकांचे गुण ज्यूरीत शेवटी असलेल्यापासून जाहीर होतात, म्हणून ज्यूरीचा पहिला सगळ्यांत शेवटी. त्याची पाळी आली तेव्हा इस्रायल ३५७ वर होता. जेजेला पुढे जायला १०० हवे होते, मिळाले १७८.

इस्रायलच्या युव्हाल राफाएलला प्रेक्षकांचे २९७ आणि ज्यूरीचे ६०. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यातून वाचलेली गायिका, बासेलच्या रस्त्यांवर निदर्शनं, आणि दोन्ही बाजूंनी ठाम झालेली मनं. अशा वेळी वीस मतांचा नियम फार मोठा होतो. विरोधकांना विरोधात मत देता येत नाही. त्यांची मतं पंचवीस गाण्यांत विखुरतात. पाठीराखे मात्र वीसच्या वीस एकाच ठिकाणी टाकतात. गाणं चांगलं की वाईट याच्याशी या गणिताचा संबंध नाही. वीस हा आकडाच जास्त आहे, असं माझं मत काल आणखी पक्कं झालं.

एस्टोनिया ३५६, एका गुणाने तिसरा. प्रेक्षकांचे २५८. चिल्लर वाटली जाणार हे बरोबर होतं, पण मोठा वाटा टॉमी कॅशच्या खिशात जाईल हे दिसलं नव्हतं. स्वीडनच्या ‘काय’ला प्रेक्षकांचे १९५, ज्यूरीसकट ३२१, चौथे. सट्टेबाजार तोंडावर आपटला. आणि क्रमाचं म्हणाल, तर प्रेक्षकांचे पहिले दोन होते चौथं आणि तिसरं गायलेलं गाणं.

फ्रान्सबाबत मी साफ चुकलो. ज्यूरीचे १८०, प्रेक्षकांचे फक्त ५०, शेवटी सातवा क्रमांक. इतकं शांत दुःख पाहून माणूस फोन उचलत नाही, गप्प बसतो. सोमवारी प्रश्न मीच लिहिला होता, आणि लुआनला तो विचारायचा राहिला.

त्याहून कडक उदाहरण यजमानांचं. झोए मेचं ‘व्होयाझ’ : मंचावर ती एकटी, भोवती कॅमेरा फिरतोय, मध्ये तोडच नाही. ज्यूरीचे २१४, तिथे दुसरी. प्रेक्षकांचे शून्य. घरच्या सभागृहात तो आकडा ऐकताना तिचा चेहरा दाखवायलाच हवा होता का? शून्याचा अर्थ ‘कुणालाच आवडलं नाही’ असा नाही. प्रत्येक देशात अकरावी आली तरी शून्यच दिसतं. ब्रिटनच्या रिमेंबर मंडेचंही तेच : ज्यूरीचे ८८, प्रेक्षकांचे शून्य, आणि हे त्यांचं लागोपाठ दुसरं वर्ष. तीन गळे उत्तम जुळलेले, पण गाण्यात चाल इतक्या वेळा बदलते की कोरस कुठला तेच ध्यानात राहत नाही.

दुसऱ्या टोकाला पोलंड : ज्यूरीचे १७, प्रेक्षकांचे १३९. आणि फिनलंड अकरावा, माझ्या अंदाजाच्या एक पायरी खाली. इटली पाचवा, हे तेवढं बरोबर आलं.

आइसलंडला ज्यूरीने शून्य दिलं. याबद्दल कुणी काही बोलणार नाही, पण ती दोन पोरं कालच्या रात्री सगळ्यांत जास्त मजेत होती.