टीव्ही काढून प्रोजेक्टर लावायचाय? आधी दुपारची भिंत बघा

प्रोजेक्टरचं खूळ डोक्यात शिरलं की पहिला हिशोब इंचांचा होतो. ५५ इंची टीव्हीच्या पैशात १०० इंची चित्र मिळतंय, मग टीव्ही हवाच कशाला? हा हिशोब जरा बाजूला ठेवा. दुपारी चार वाजता, पडदे रोज असतात तसेच ठेवून, ज्या भिंतीवर चित्र पाडायचंय तिच्याकडे बघा. ती जेवढी उजळ दिसते तेवढाच उजळ तुमच्या प्रोजेक्टरचा 'काळा' असणार. काळा प्रकाश नावाची वस्तू नसते. जिथे काळं हवं तिथे प्रोजेक्टर उजेड टाकत नाही, एवढंच. मग तिथे उरते ती भिंत.

१०० इंची चित्राचं माप २२१ बाय १२४.५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण पावणेतीन चौरस मीटर. खरे ५०० एएनएसआय ल्युमेन (मानक पद्धतीने मोजलेला यंत्राचा एकूण उजेड) त्यावर पसरले की १८० लक्सच्या (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड) आसपास भरतात. ट्यूबलाइट चालू असेल तर भिंतीवर १०० लक्स सहज असतात. म्हणजे पांढरं २८० आणि काळं १००. अख्ख्या चित्राला तिपटीचाही फरक मिळत नाही आणि सगळं ताक घातल्यासारखं फिकट दिसतं. तेच दिवे घालवा. हेच ५०० ल्युमेन पांढऱ्या पडद्यावरून ५५ ते ६० निट्स (पडद्याच्या उजळपणाचं माप) देतात, आणि सिनेमागृहाच्या पडद्याचं प्रमाण ४८ निट्सचं आहे. त्यामुळे अंधारात छोटं यंत्रसुद्धा थाटात चालतं. दुपारी साडेतीनची आयपीएल मॅच बघायची असेल तर मात्र किमान २००० एएनएसआय ल्युमेन आणि जाड पडदे, दोन्ही लागतील. हिरवं मैदान तरी बरं दिसतं. रात्रीच्या प्रसंगांनी भरलेली मालिका दिवसा बघायची आशा सोडा.

डब्यावर '९००० ल्युमेन' लिहिलेलं असेल आणि 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' हा शब्द कुठेच नसेल, तर तो आकडा वाचायचाच नाही. अशा स्वस्त यंत्रांचा खरा उजेड बहुतेक वेळा दोन-तीनशेच्या घरात असतो. '४के सपोर्ट'चंही तेच: ४के सिग्नल घेतो, दाखवतो ७२० किंवा १०८० रेषांतच. 'नेटिव्ह रिझोल्यूशन', म्हणजे यंत्राचे स्वतःचे खरे पिक्सेल, काय आहे ते विचारा. १०० इंचांवर १०८० च्या खाली उतरू नका, बातम्यांची पट्टी वाचताना डोळे दुखतील.

आता अंतर. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' असतो. चित्राची रुंदी गुणिले थ्रो रेशो म्हणजे भिंतीपासून लेन्सपर्यंतचं अंतर. हॉल १० फूट रुंद आहे आणि चित्र त्याच दिशेला पाडायचंय असं धरा, म्हणजे ३०५ सेंटिमीटर. यंत्राची लांबी आणि मागे वायर-हवेसाठी जागा मिळून ४० गेले, उरले २६५. थ्रो रेशो १.२ असेल तर बरोबर १०० इंच बसतात, १.५ असेल तर ८० वर समाधान मानावं लागतं. चित्र वाकडं आलं तर कीस्टोनने सरळ होईल, असं दुकानदार सांगेल. होतं, पण डिजिटल कीस्टोन पॅनेलचा (यंत्रात चित्र तयार करणाऱ्या भागाचा) काही भाग बंद करून चित्र सरळ करतो. तेवढे पिक्सेल आणि तेवढा उजेड गेला. यंत्र पडद्यासमोर काटकोनात बसवणं हाच खरा उपाय.

आणि आपल्या घरात मध्ये येतो तो छताचा पंखा. छताला चिकटवून लावलेल्या प्रोजेक्टरचा झोत पात्यांना कापत गेला की चित्राच्या वरच्या भागात सावल्या फडफडत राहतात. ब्रॅकेटसाठी भोक पाडण्याआधी लेन्सच्या जागेपासून पडद्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत सुतळी ताणून बघा. सुतळी पात्यांच्या खालून गेली पाहिजे. ब्रॅकेट पंख्याच्या हुकाजवळही नको. पंख्याची थरथर स्लॅबमधून ब्रॅकेटच्या पाइपात उतरते आणि अक्षरं कापायला लागतात. मागच्या भिंतीवर फळी ठोकणं बरेचदा जास्त सोयीचं पडतं.

वायरिंगचा विचार रंगकामाआधी करा. सेट-टॉप बॉक्स टीव्हीच्या जागी आणि प्रोजेक्टर मागे, म्हणजे एचडीएमआय केबल छत धरून १० मीटर होते. तांब्याची साधी केबल ४के साठी पाच मीटरपुढे भरवशाची नाही. मग चित्र मधूनच काळं होतं. ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, 'सोर्स' लिहिलेलं टोक बॉक्सकडे. उलटी ओढली तर सगळी परत काढावी लागते. फोनवरून मिररिंग करून ओटीटी बघू म्हणाल, तर कॉपीराइट संरक्षणामुळे बऱ्याच ॲपचा आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. चांगल्या कंपनीची स्ट्रीमिंग स्टिक लावून मोकळे व्हा. आवाजासाठी साउंडबार वायरनेच जोडा, ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

रोज पाच तास प्रोजेक्टर चालला म्हणजे वर्षाला १८२५ तास. ५००० तास चालणारा प्रोजेक्टरचा दिवा तीन वर्षांच्या आतच संपतो, आणि दिवा फुकट येत नाही. २०००० तासांचा लेझर किंवा एलईडी दहा वर्षांच्या वर जातो, पण तोवर उजेड निम्म्यावर आलेला असतो. दिव्याच्या यंत्राला बंद केल्यावर पंख्याने थंड होऊ द्यावं लागतं, त्यामुळे वीज मध्येच जात असेल तर ते इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. हवेची जाळी महिन्याला साफ करा. एकच एलसीडी पॅनेल असलेल्या स्वस्त यंत्रात धूळ आत शिरली की चित्रावर करडे डाग दिसतात आणि ते बाहेरून पुसून जात नाहीत.

भिंतीला खेटून ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर हे टीव्हीच्या सर्वात जवळ जातात: ना पंखा आड येतो, ना लांब वायर. पण झोत खालून तिरका येतो, त्यामुळे पुट्टीचा एकेक उंचवटा सावलीसकट दिसतो. त्यांना वरचा उजेड गिळणारा खास ताठ पडदाच लागतो. यंत्र आणि पडदा मिळून खर्च लाखाच्या पुढे जातो, आणि त्या पैशात उत्तम ६५ इंची टीव्ही येतो.

सकाळी भक्तिगीतं, दुपारी मालिका, संध्याकाळी बातम्या, अशी ज्या घरात पेटी दिवसभर चालू असते तिथे टीव्ही काढू नका. रात्री नऊनंतरच काही बघणाऱ्या घरात किंवा बेडरूममध्ये खुशाल काढा. दोन्ही हवं असेल तर ४३ इंची टीव्ही भिंतीला चिकटवून लावा आणि त्याच्या पुढून उतरणारा गुंडाळी पडदा छताला बसवा. टीव्हीचं ब्रॅकेट पातळ घ्या आणि पडद्याची नळी भिंतीपासून किमान १५ सेंटिमीटर पुढे ठेवा, नाहीतर पडदा उतरताना टीव्हीच्या वरच्या कडेवर अडकतो.