यादी बंद झाली

सकाळी माझ्या टिन व्हिसल (शिट्टीसारखं तोंड असलेलं, बासरीच्या जातीचं छोटं वाद्य) बनवणाऱ्याचा मेल आला. हात साथ देत नाहीत, नवीन व्हिसल आता बनवणार नाही, वाट बघणाऱ्यांच्या यादीतल्या सगळ्यांनी समजून घ्यावं. यादीत मी पण होते. दिवसभर कामात जीव लागला नाही. ह्याला सांगितलं तर म्हणाला, दुसऱ्या कुणाची घे ना, बनवणारे कमी आहेत का. कमी नाहीत, पण प्रश्न तो नाहीच.

बासरीत सूर कसा लागणार ते आपले ओठ ठरवतात. टिन व्हिसलमध्ये फुंकेची वाट बनवणाऱ्याने आधीच आखून ठेवलेली असते, आणि ती फुंक जिच्यावर जाऊन आपटते ती धार त्याने कानशीने घासत, वाजवून बघत, परत घासत आणलेली असते. म्हणजे मी वाजवते त्यात निम्मा आवाज त्याचा. आणि तो आवाज आता नवीन कुठल्याच नळीतून निघणार नाही, हेच सारखं डोक्यात येतंय. मला त्याची सी, म्हणजे सी पट्टीतली व्हिसल, हवी होती. किती वाट बघितली. कपाटात ॲल्युमिनियमच्या आहेत, एक लाकडी आहे, पत्रा गुंडाळून केलेली क्लार्क कंपनीचीसुद्धा आहे, 1843 पासून चालत आलेली घडण. आईचं नेहमीचं, एवढ्या कशाला लागतात... जाऊ दे.

संध्याकाळी त्याचीच पितळी, डी पट्टीतली काढली. आधी काखेत धरून गरम केली, गार नळीत श्वासाची वाफ धरते आणि वाट तुंबते. तरी दुसऱ्या फेरीला वरचा जी हा सूर फाटलाच. धारेजवळच्या भोकावर बोट ठेवून जोरात फुंकलं, पाणी उडालं, भांड्याच्या साबणाचा पातळ थेंब आत सोडला, मग मोकळी वाजायला लागली.

वाजवताना आयरिश वादक फिनबार फ्युरीची ती गोष्ट आठवली. त्याची भारतातून आलेली बांबूची व्हिसल मोडली, दुरुस्त होईना, म्हणून 1971 च्या सुमारास बर्नार्ड ओव्हरटनने त्याला ॲल्युमिनियमची करून दिली, आणि आजची लो व्हिसल, म्हणजे लांब, खालच्या सुरांची, तिथून सुरू झाली. पुढे कॉलिन गोल्डी जर्मनीत त्याच पद्धतीच्या बनवायला लागला. माझ्या कानाला त्याचा आवाज वेगळाच लागतो, ओव्हरटनचा नाही. चांगलाच आहे तोही, का नसावा.

सी काही आता मिळत नाही. त्याला उत्तर लिहिलं, हात कसे आहेत विचारलं, आणि डीवर वाजवलेली एक जिग (आयरिश नाचाची धून) रेकॉर्ड करून जोडली. वरचा जी मध्येच जरा फाटलाय, तसाच पाठवला.