पाच पट्ट्यांचा तारा : चौथा शनिवार

तारा एकदाचा जुळला. भिंतीवर जायला अजून अवकाश आहे, पण पाचही पट्ट्या एका पातळीत बसल्यात आणि एक टोक धरून उचलला तरी काही लचकत नाही. गेल्या नोंदीत मी ‘पुढच्या आठवड्यात दिवे लावून मोकळा’ असं लिहिलं होतं. ते विसरा. मधला अख्खा आठवडा पहिला तारा मोडण्यात आणि दुसरा कापण्यात गेला.

सणाच्या सजावटीसाठी भिंतीवरचा लाकडी तारा करायचा, मागून दिवे सोडायचे, आणि हत्यारं घरात आहेत तेवढीच वापरायची, एवढंच ठरलं होतं. हातकरवत, पटाशी (लाकूड तासायची छिन्नी), गुण्या (काटकोन आखायचं हत्यार), तिरका गुण्या (हव्या त्या कोनात घट्ट करता येणारा), चार क्लॅम्प, ड्रिल. पट्ट्या पाइनच्या, २० मि.मी. रुंद, १० मि.मी. जाड. पट्ट्या एकमेकींवर नुसत्या ठेवून स्क्रू मारले असते तर काम एका दुपारचं होतं. पण मग तारा जाडजूड दिसतो आणि भिंतीवर सपाट बसत नाही. म्हणून प्रत्येक सांध्यावर अर्ध्या जाडीची खाच, म्हणजे ५ मि.मी. खोल.

पहिल्या ताऱ्यात मी हौसेनं विणकाम केलं. प्रत्येक पट्टी एकीच्या वरून, पुढचीच्या खालून, पुन्हा वरून, अशी. कागदावर फार देखणं दिसतं. चार पट्ट्या बसल्या. पाचवीला मात्र एकीच्या खाली शिरायचं होतं आणि त्याच वेळी दुसरीवर उतरायचं होतं. चटईच्या पातीला हे जमतं, कारण ती वाकते. माझी पट्टी खाचेपाशी निम्मीच जाड उरली होती. जरा वाकवली आणि तिथेच कडाडली.

मग चहा घेऊन (आणि थोडी चिडचिड करून) जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांच्याशी खेळत बसलो. तेव्हा लक्षात आलं, की या ताऱ्यात प्रत्येक पट्टी बाकीच्या चौघींना एकेकदाच भेटते. दोघींना मध्ये छेदते, दोघींना टोकाशी मिळते. म्हणजे पट्ट्यांना सरळ १ ते ५ नंबर द्यायचे आणि लहान नंबर कायम खाली. पहिलीच्या चारही खाचा वरच्या अंगाला. दुसरीची एक खालून, तीन वरून. तिसरीच्या दोन-दोन. चौथीच्या तीन खालून, एक वरून. पाचवीच्या चारही खालून. एकूण वीस खाचा, आणि पट्ट्या एकावर एक नुसत्या ठेवत जायच्या. समोरून पाहताना विणलाय की रचलाय हे कुणाला कळतही नाही. घरात दोघांना विचारलं, दोघांनीही ‘विणलाय ना?’ असंच म्हटलं. मी हो म्हणालो.

आता आकडे. टोकापासून टोकापर्यंत मध्यरेषेवर ६०० मि.मी. धरले, तर मधले दोन छेद एका टोकापासून लांबीच्या ०.३८२ आणि ०.६१८ पटीवर येतात, म्हणजे २२९ आणि ३७१ मि.मी.वर. पट्टी मात्र ६०० ची कापू नका. तिला रुंदी आहे, त्यामुळे टोकाची अणी मध्यरेषा जिथे मिळतात त्या बिंदूच्या पुढे जवळपास ३१ मि.मी. जाते. मी ६८० ची कापली, दोन्हीकडे ४० शिल्लक ठेवून. या शिलकीचा आणखी एक उपयोग पुढे येतोच.

मधला कोन ७२ अंशांचा, टोकाचा ३६ चा. कंपासपेटीतल्या कोनमापकानं हे करू नका, अर्ध्या अंशाची चूक शेवटच्या सांध्यापर्यंत साठत जाते. त्यापेक्षा गुण्यानं १०० मि.मी. उभी आणि ३२.५ मि.मी. आडवी रेघ मारून टोकं जोडा. ही तिरकी रेघ आडवीशी ७२ अंश करते. ३६ साठी आडवी १०० आणि उभी ७२.७. तिरका गुण्या या रेघांवर लावून घट्ट केला की काम झालं. खाच तिरपी असल्यामुळे पट्टीच्या लांबीत ती २० नाही, मध्ये २१ आणि टोकाशी ३४ मि.मी. भरते.

इथे मी दुसऱ्यांदा फसलो. खालच्या अंगाची खाच आखायला पट्टी पालथी केली आणि तोच कोन तसाच मारला. पालथ्या पट्टीवर कोनाचा कल उलटा होतो! एक पट्टी वाया गेली. आता सगळ्या रेघा आधी वरच्या बाजूला मारतो, गुण्यानं कडेवरून खाली उतरवतो आणि खालच्या बाजूला नुसत्या जोडतो.

खाच काढताना दोन कडांच्या रेघा आधी सुरीनं, मग मध्ये करवतीचे पाच-सहा घाव. पात्यावर ५ मि.मी.वर चिकटपट्टी लावली होती, पण ती सरकते. लाकडाचा तुकडा पात्याला क्लॅम्प केल्यावर खोली नीट आली. पटाशी दोन्ही कडांकडून मध्याकडे, नाहीतर पलीकडची कड फुटते.

गोंद लावताना टोकांच्या निमुळत्या सांध्यांवर क्लॅम्प घसरतो. तिथे ती ४० ची शिल्लक कामी आली. धरायला जागा मिळाली आणि गोंद वाळल्यावर जास्तीचं कापून टाकलं. एका टोकाशी मि.मी.भर फट राहिलीय. भुसा आणि गोंद भरलाय, रंगाखाली जाईल.

दिव्यांचं थोडक्यात. बारा व्होल्टची एलईडी पट्टी, मीटरला ६० दिवे, ४.८ वॉटची. ती दर तीन दिव्यांनंतरच कापता येते, म्हणजे दर ५ सें.मी.ला. प्रत्येक लाकडी पट्टीमागे ५५ सें.मी. घेतली तर एकूण पावणेतीन मीटर, साधारण १३ वॉट, १.१ अँपिअर. दोन अँपिअरचा अडॅप्टर पुरेल. दिवे भिंतीकडे तोंड करून, आणि तारा भिंतीपासून चार सें.मी. पुढे राहील असे ठोकळे मागे. त्यानं ठिपके दिसत नाहीत, फक्त कडेनं उजेड सांडतो. टॉर्च धरून पाहिलं, चार सें.मी. बरोबर वाटतंय. दोनवर उजेडाची रेघ फार कडक येत होती.

राहिलेलं काम : पॉलिश पेपर, रंगाचे दोन हात, आणि तुकडे जोडणारी दहा-बारा सोल्डरिंगं. तिसऱ्या पट्टीवर मी अधिक-उणे आधीच उलट लिहून ठेवलंय, ते आत्ताच खोडून येतो.