बोगद्याच्या तोंडाशी उभा असलेला माणूस

कादंबरीचा कच्चा खर्डा वाचून पुण्याहून मावशीचा फोन आला. "डोंगर पेटलेत आणि मुकादम आपल्याच माणसांवर पिस्तूल रोखून त्यांना बोगद्यात डांबून ठेवतो? अगं, हे जरा अतीच झालं." मी म्हटलं, मावशी, नेमकं तेवढंच मी रचलेलं नाही.

मी वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेनला राहते. इथून पूर्वेला गाडीनं सव्वा तासावर आयडाहोमधलं वॉलेस लागतं. चांदीच्या खाणींवर वाढलेलं, डोंगरांच्या बेचक्यातलं चिमुकलं गाव. गावाबाहेर एका ओढ्याच्या काठानं दोन मैल चढून गेलं की पलीकडच्या उतारावर जुन्या खाणीचं तोंड दिसतं. माझी कादंबरी तिथं सुरू झाली.

1910 चा उन्हाळा फार कोरडा गेला होता. डोंगरांत ठिकठिकाणी वणवे धुमसत होते. 20 ऑगस्टला वादळी वारा सुटला आणि ते एकमेकांत मिसळले. दोन दिवसांत आयडाहो आणि माँटानातलं मिळून सुमारे 30 लाख एकर रान जळालं. 80 हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक आग विझवायला गेलेली.

आजोळी, भोरकडे, उन्हाळ्यात रात्री डोंगरावर वणव्याची लाल माळ दिसायची. वनखातं जाळरेषा काढायचं, गवत जळून जायचं, आणि आम्ही मुलं अंगणात बसून बघायचो. इथं पाइन आणि सीडर शेंड्यापर्यंत पेटतात आणि आग वाऱ्याबरोबर झाडांवरून धावत सुटते. तिच्यापुढे पळणं जमत नाही.

एड पुलास्की हा वनखात्याचा रेंजर तेव्हा 44 वर्षांचा होता. आगीत सापडलेली 45 माणसं त्याच्याबरोबर होती. या डोंगरांत त्यानं पूर्वी खाणींचं काम केलेलं, त्यामुळे ती सोडलेली खाण त्याला आठवली. सगळ्यांना आत घेऊन त्यानं जमिनीवर पालथं पडायला लावलं, तोंडाशी ओली ब्लँकेटं टांगली, आणि टेकूची लाकडं पेट घ्यायला लागली तशी टोपीत पाणी भरून विझवत राहिला. धुरानं गुदमरलेली माणसं बाहेर पळायला बघू लागली तेव्हा त्यानं पिस्तूल काढलं: जो बाहेर जाईल त्याला गोळी घालीन. शेवटी तोही बेशुद्ध पडला. पाच जण आत मेले, बाकीचे जगले. पुलास्कीच्या डोळ्यांना कायमची इजा झाली.

ही गोष्ट इथं त्याच्या बाजूनं सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण मला राहून राहून आत पालथ्या पडलेल्यांपैकी एखादा दिसायचा. त्या वर्षीच्या टोळ्यांत परदेशातून आलेले रोजंदारीचे मजूर पुष्कळ होते. ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला काय दिसलं असेल? पाठीमागे आग, आणि दारात पिस्तूल घेतलेला माणूस. हा वाचवतोय की मारतोय?

ती भीती मला ओळखीची होती. इथल्या माझ्या पहिल्या ऑगस्टमध्ये आकाश नारिंगी झालं होतं, आणि फोनवर धोक्याचा संदेश आला: लेव्हल थ्री. म्हणजे सामान न आवरता ताबडतोब निघा, हे मला माहीत नव्हतं. शेजारी दार बडवून ओरडत होता. मी आतून कडी घट्ट धरून उभी होते, त्याच्या भीतीनं. तो मला न्यायला आला होता.

म्हणून माझ्या कादंबरीत गोष्ट सांगतो तो असा एक मजूर. रहस्य सगळं त्याच्या न कळण्यात आहे. खून, खजिना असलं काही मी त्यात घातलं नाही. घालून पाहिलं होतं, पण त्या बोगद्यापुढे ते पोकळ वाटलं.

पहाटेचा प्रसंग मात्र मी पुलास्कीनं लिहून ठेवलाय तसाच घेतला आहे. कुणीतरी म्हणतं, चला रे बाहेर, साहेब मेला. आणि जमिनीवरून उत्तर येतं, मेला कसला! माझ्या मजुराला ते शब्द कळत नाहीत. रात्रभर ओरडणारा तो आवाज तेवढा त्याला ओळखू येतो, आणि अंधारात चाचपडत तो त्या आवाजाकडे सरकू लागतो.